डावा हात कच्चा नव्हता

पंधरा दिवस मी माझ्या डाव्या हाताला शिव्या घालत होतो. ई-ड्रम (इलेक्ट्रॉनिक ड्रम) लॅपटॉपला जोडून सराव रेकॉर्ड करायची मला सवय आहे. मिडीत, म्हणजे ड्रमकडून लॅपटॉपला जाणाऱ्या डिजिटल नोंदीत, प्रत्येक फटक्याचा जोर १ ते १२७ अशा आकड्यांत दिसतो. उजवा हात ९०च्या आसपास आणि डावा जेमतेम ७०. साधे सिंगल स्ट्रोक, म्हणजे उजवा-डावा असे एकेक फटकेसुद्धा लंगडत होते. मॉड्यूलची (ई-ड्रमचे आवाज काढणाऱ्या पेटीची) सेन्सिटिव्हिटी वरखाली केली, मेश (पॅडवरची जाळी) ताणून पाहिली, डाव्या हाताचे वेगळे व्यायाम सुरू केले. शेवटी वैतागून स्टिक्सची अदलाबदल केली, तर लंगडा उजवा हात झाला!

स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. एक स्टिक ५७ ग्रॅम, दुसरी ४६.

जोडी ऑनलाइन घेतली होती. एका नामांकित कंपनीचा शिक्का, हिकरीचं टणक लाकूड, ५ए हे जाडीचं माप, टोकाला नायलॉन टिप, वर 'ई-ड्रमसाठी खास' आणि किंमत नेहमीपेक्षा बरीच कमी. मी गळाला लागलो तो त्या 'खास'मुळे. लाकडी टिप झिजली की तिचे बारीक कपचे निघतात आणि ते मेशचे धागे ओढतात, एवढं मला ठाऊक होतं. पण नायलॉन टिप काही ई-ड्रमसाठी निघालेली नाही. अमेरिकन ड्रमर जो कॅलॅटो यांनी ती १९५८ मध्ये आणली, कारण लाकडी टिपा भराभर झिजायच्या. म्हणजे नायलॉन टिपची कुठलीही चांगली जोडी मला चालली असती.

आणि दगा दिला तो नेमका त्याच टिपनं. एका फिलमध्ये (तालाच्या मधे वाजवायच्या झटपट तुकड्यात) ती उडाली. कानाला हेडफोन, त्यामुळे आवाजातला फरक कळलाच नाही. आणखी चार-पाच फटके मारले, तोवर उघड्या पडलेल्या लाकडी टोकानं स्नेअर ड्रमच्या मेशला भोक पाडलं होतं. पाहिलं तर टिप गोंदाच्या एका थेंबावर उभी होती.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, 'स्टिक ही झिजणारी वस्तू आहे, वापरलेला माल परत घेत नाही.' वजनाबद्दल म्हणे, 'लाकूड नैसर्गिक असतं, फरक पडणारच.' याला काय म्हणावं ते मला दोन दिवसांनी सुचलं. फरक पडतो म्हणूनच तर चांगले कारखाने स्टिक्स तोलून, ठोकून, सूर ऐकून जोड्या लावतात. तेव्हा मात्र मी गप्प बसलो.

मग सँडपेपरनं काळा रंग घासला. (तो रंगही मेशवर ओरखडे सोडत होता, ते वेगळंच.) आत फिकट, मऊ लाकूड होतं, नखानं खूण पडेल असं. त्यातल्या रेषा आडव्या-तिरक्या, म्हणजे कधी ना कधी तुटणारच. हिकरी असली तर मी ड्रम सोडून देईन. जाडीही ५एची नव्हती. ५ए साधारण १४.४ मिलिमीटरची असते, ही १५च्या वर निघाली. रबरी सिंबल पॅडवर तासभर वाजवलं की मनगट का भरून येत होतं, ते तेव्हा कळलं.

आता पार्सल उघडतानाच व्हिडिओ काढतो आणि वाजवण्याआधी सगळं तपासतो, कारण एक फटका मारला की माल 'वापरलेला' ठरतो. हेडफोन न लावता दोन्ही स्टिक्स टेबलावर ठोकतो. सूर उघडपणे वेगळे आले तर जोडी खोटी. मग सपाट जागी गडगडवतो, वाकडी असेल ती हेलकावे खाते. टिप चिमटीत धरून पिळतो. जराही फिरली तर परत. रंगवलेली स्टिक तर घेतच नाही. लाकूड दिसलं पाहिजे.

ती जाहिरात अजून तशीच आहे. फोटोत दोन्ही स्टिक्स एकमेकींवर आडव्या ठेवल्यात, त्यामुळे शिक्का एकाच स्टिकवरचा दिसतो, आणि टिपा फोटोच्या कडेला बरोबर कापल्या गेल्यात.