बेअरिंग बदलून एक आंबा सीझन काढला: इंजिन पास, सील नापास

एकदा इंजिन खोललं की ते परत पहिल्यासारखं होत नाही असं जो तो सांगतो ना, ते माझ्या गाडीपुरतं तरी खोटं निघालं. जुनी चार सिलिंडरची डिझेल, दिवाळीनंतर मेन (ज्यात क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य फिरता दांडा, फिरतो) आणि बिग एंड (पिस्टनचा रॉड जिथे क्रँकला जोडतो) दोन्ही बेअरिंगं बदलली, क्रँक ग्राइंड करून घेतला, आणि मग अख्खा सीझन मागची सीट पाडून पेट्या भरून रत्नागिरी-कोल्हापूर मारली, आंबा घाट चढताना आवाज नाही की लाल दिवा नाही, धूर होता तेवढाच आहे. इंजिनला पाचपैकी साडेचार. गॅरेजला दोन, तेही मेस्त्री बोलायला गोड आहे म्हणून.

काम कशामुळे निघालं ते आधी सांगतो, कारण आपल्याकडे बऱ्याच जणांच्या गाड्यांना हेच होतं. बागेकडचा रस्ता कातळावरून जातो, तिथे चेंबर, म्हणजे इंजिनखालचा तेलाचा डबा, आपटला. तेल गळलं नाही, वरून काही कळलं नाही. पण चेंबरचा पत्रा आत दबला की तेल ओढायची जाळी आणि पत्रा यांच्यात जागाच राहत नाही, पंप उपाशी राहतो आणि मार बेअरिंगं खातात. नाणीज सोडल्यावर ॲक्सिलरेटर जरा सोडला की खालून ठक ठक ठक, आणि गरम इंजिन आयडलला आलं की ऑइलचा दिवा मिचमिच. तो दिवा सहसा प्रेशर अर्ध्या बारच्याही खाली गेलं की लागतो, म्हणजे तो लागेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं!

खोलल्यावर बिग एंडचा वरचा राखाडी थर जाऊन खालचं तांबं दिसत होतं. क्रँक कोल्हापूरला उद्यमनगरात पाठवला, तिथे मायक्रोमीटर लावला तर तीन नंबरचा जर्नल, म्हणजे बेअरिंग बसतं तो गोल भाग, ओव्हल. स्टँडर्डवरून दहाला (इंचाचे दहा हजारांश) नेला, म्हणजे पाव मिलिमीटर कमी केला, आणि बेअरिंगं त्याच मापाची घातली. या कामात सगळा खेळ बेअरिंग आणि क्रँकमधल्या फटीचा, ती केसापेक्षा बारीक लागते, जास्त झाली की प्रेशर पडतं, कमी झाली की बेअरिंग जॅम. लेथवाल्याने तेलाची भोकं साफ करून, हवा मारून दाखवली, पैसे थोडे जास्त घेतले पण त्या माणसाबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार सीलची आहे. क्रँकच्या मागचा ऑइल सील, फ्लायव्हीलच्या बाजूचा. इंजिन खाली, गिअरबॉक्स वेगळा, फ्लायव्हील काढलेला, सील समोर दिसतोय, दोन-अडीचशेची वस्तू, आणि या मेस्त्रीने जुनाच परत बसवला!! विचारलं तर म्हणे "अहो चांगला होता, उगाच कशाला तुमचा खर्च वाढवायचा." क्रँक, बेअरिंग, लेबर मिळून एवढं बिल लावताना माझा खर्च आठवला नाही, सीलला बरोबर आठवला. गरम तेलात वर्षानुवर्षं राहून त्या रबराची कड कडक होते, एकदा काढला की तो परत नीट बसत नाही, हे मला कळतं तर त्याला कळू नये? आता इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडातून थेंब थेंब. आईने खळं (घरापुढचं अंगण) सारवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी बरोबर मधोमध काळा डाग. "गाडी बाहेर बेड्याजवळ लाव, इथे नको आणूस" (बेडं म्हणजे आवाराचं फाटक) असा हुकूम झाला तो अजून कायम आहे, खाली पुठ्ठा घालतो म्हटलं तरी ऐकत नाही. आणि डागाचं एक सोडा, हे तेल क्लच प्लेटवर गेलं की क्लच स्लिप, तो खर्च वेगळाच.

आता एक दुरुस्ती. होळीपर्यंत मी विचारेल त्याला सांगत होतो की बेअरिंगचं काम पण मध्यमच झालंय, कारण सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद कडकड यायची. ते शब्द मागे. कारण फिल्टर निघाला. गॅरेजने लोकल ऑइल फिल्टर लावला होता, त्यातला तेल अडवणारा रबरी व्हॉल्व्ह धड नव्हता, रात्रभरात तेल खाली उतरायचं आणि सकाळी इंजिन क्षणभर कोरडं फिरायचं. ओरिजिनल फिल्टर घातला, दुसऱ्या सकाळपासून आवाज गायब. शंभर-दीडशेच्या फरकासाठी नव्या बेअरिंगवर रोज सकाळी अत्याचार चालू होता!

ऑइल १५डब्ल्यू-४० वापरतो. पहिलं ऑइल हजार किमीच्या आत काढलं. बेअरिंगला तसं रनिंग-इन लागत नाही, ते पिस्टनच्या रिंगांना लागतं आणि रिंगा मी बदलल्याच नाहीत, पण नव्या कामातला चुरा बाहेर गेलेला बरा. ॲव्हरेज किंवा पिकअप वाढेल या आशेने कोणी हे काम करत असेल तर विसरा, दोन्ही होतं तिथेच आहे. घाटात मात्र मी आता चौथ्यावर कुंथत ओढत नाही, सरळ तिसरा टाकतो, कमी आरपीएमला जास्त लोड आला की तेलाचा थर फाटतो आणि पहिला दणका बिग एंडलाच बसतो.

एक खर्च मात्र वसूल झाला, ऑइल प्रेशरचं काट्याचं गेज. साखरप्याच्या पुढे पूर्ण लोडवर तीन बारच्या वर, आणि घाट चढून गरम इंजिन आयडलला एकच्या वर टिकतं, एवढं बघितलं की मी निवांत. बसवताना टी-जॉइंट टाकून मूळचा दिव्याचा स्विच पण ठेवायला लावा, आमचा मेस्त्री तो काढूनच टाकत होता, त्यात पण माझा खर्च वाचत होता म्हणे.