करवतकाठी कोसा साडी, आणि सोबत फुकट आलेला पतंग

जानेवारीत नागपूरच्या एका प्रदर्शनात भंडाऱ्याकडच्या विणकर काकांकडून घेतली, साडेसात सांगत होते, घासाघीस करून सात हजारला. अंगाचा रंग कोशाचाच, मधासारखा, वरून रंगवलेला नाही. काठाचे करवतीचे दात असले बारीक की उलटी करून बघितली तरी धागे लोंबत नाहीत, तीन धोट्यांनी (आडवा धागा नेणाऱ्या नळ्यांनी) विणतात ना. आधी एकदा ऑनलाइन 'प्युअर टसर' (टसर म्हणजे हेच कोसा रेशीम) मागवून फसलेली, धागा जाळला तर प्लास्टिकसारखी गोळी झाली, म्हणून हिचाही जाळून बघितला, केस जळाल्याचा वास आला, खरी आहे.

काकांनी लेकीला टोपलीतला एक कोसा, म्हणजे रेशमाच्या अळीचा कोष दिला, लहान अंड्याएवढा, टणक, वर काळपट देठ. तो शोकेसमध्येच पडून होता. जूनमध्ये पाऊस सुरू झाला त्याच आठवड्यात एका संध्याकाळी देठाकडची बाजू ओली दिसली आणि आतून कोणीतरी केसाळ बाहेर यायला लागलं, मी किंचाळलेच!! पंख आधी ओल्या फडक्यासारखे चुरगळलेले, तासाभरात असे पसरले की माझा पंजा त्यात झाकला जाईल. पिवळसर, पोट जाड, म्हणजे मादी, नर लहान आणि विटकरी असतो. चारही पंखांवर एकेक गोल डोळा, त्याच्या मधोमध अभ्रकासारखी काच, त्यातून मागच्या पडद्याची फुलं दिसत होती!

लेक साखरपाणी घेऊन मागे, पण हा रेशीमपतंग खातच नाही, जे काय ते अळी असताना ऐन-अर्जुनाच्या पानांवर खाऊन घेतलेलं, आता काही दिवसांचा खेळ. तुतीच्या रेशमाचा तो पांढरा पतंग धड उडतही नाही, हा मात्र रानातला गडी, झारखंड-ओडिशा-छत्तीसगडपासून आपल्या गडचिरोली-भंडाऱ्यापर्यंत. (मुगा रेशीमवाला भाऊबंद तिकडे आसामात.) आणि हो, धाग्यासाठी कोसे उकळतात तेव्हा आतला जीव जातोच, हे माहीत होतं पण त्या दिवसापासून साडी नेसताना आठवतं. नेसते तरी.

तक्रार एकच, लाल काठाचा रंग पहिल्याच धुण्यात अंगावर उतरला, 'पक्का आहे ताई' म्हणाले होते. ड्रायक्लीनच करा. पाचपैकी साडेचार. कोसा मिळाला तर डब्यात बंद करून ठेवू नका, आणि जूनमध्ये जरा लक्ष असू द्या.