एकदिवसीय शिबिर की आठ जणांची निवासी कार्यशाळा?

पहिले पुस्तक व्हायचे आहे, परंतु दोन-चार कथा दिवाळी अंकांत छापून आल्या आहेत, अशा टप्प्यावरील मुंबईकर लेखकाला हा प्रश्न पडतोच : शहरातल्या सभागृहात साठ-सत्तर जणांसाठी भरणारे एकदिवसीय कथालेखन शिबिर बरे, की कर्जतच्या बाजूला आठ जणांत होणारी दोन दिवसांची निवासी कार्यशाळा? मी दोन्हींना जाऊन आलो आहे.

शिबिराची बाजू लंगडी नाही. शुल्क परवडते, रजा टाकावी लागत नाही आणि ज्यांचे अंक आपण वर्षानुवर्षे वाचत आलो, त्या संपादकांना प्रत्यक्ष ऐकता येते. रविवारचा मेगाब्लॉक गृहीत धरून तासभर आधी निघावे, इतकेच.

मला खटकली ती एक गोष्ट, आणि माझ्यापुरता निकाल तिनेच लावला. शिबिरात कथा आधी कोणी वाचलेली नसते. ती तिथेच वाचून दाखवायची आणि ऐकणाऱ्यांनी लगेच मत द्यायचे. साहजिकच दाद मिळते ती कथेपेक्षा आवाजाला. माझ्या शेजारच्या गृहस्थांचा आवाज आकाशवाणीला शोभेल असा होता. त्यांच्या कथेतील मधली दोन पाने निव्वळ पुनरुक्ती होती, पण ते मलाही त्यांनी नंतर छापील प्रत हातात दिली तेव्हाच जाणवले. मी स्वतः अडखळत वाचतो. 'छान आहे, थोडी लांबली' याखेरीज माझ्या वाट्याला काही आले नाही, आणि नेमकी कुठे लांबली हे विचारेपर्यंत मंडळी जेवायला उठली होती.

कर्जतच्या कार्यशाळेत आठही कथा पंधरा दिवस आधी सर्वांकडे पोचल्या होत्या. (उरलेल्या सात कथा वाचण्यात माझा त्या पंधरवड्यातील सगळा लोकलप्रवास खर्ची पडला, ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी या वाटेला न जाणेच बरे.) तिथे मिलफर्ड पद्धत पाळली जात होती. अमेरिकेत १९५६ साली विज्ञानकथा लेखकांच्या मेळाव्यातून रूढ झालेल्या या पद्धतीत प्रत्येकाने पाळीपाळीने बोलायचे, लेखकाने तोवर गप्प बसायचे आणि उत्तर अगदी शेवटी द्यायचे, असा नियम असतो. तोंड मिटून बसणे मला फार जड गेले. मात्र 'मला असे म्हणायचे होते' हे सांगण्याची सोयच नसल्यामुळे, जे म्हणायचे होते ते पानावर उतरलेले नाही, हे लख्ख दिसले. परत आलेल्या सात प्रतींपैकी पाचांच्या समासात चौथ्या पानावरील एकाच परिच्छेदापाशी पेन्सिलीची खूण होती.

ओळखींचे म्हणाल, तर शिबिराच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आता मुख्यतः सुप्रभात उगवते. कर्जतहून परतीच्या लोकलमध्ये एकत्र बसलेले आम्ही तिघे आजही एकमेकांचे कच्चे खर्डे वाचतो. बदलापूरला उतरणाऱ्या बाईंनी तर माझ्या एका कथेचा शेवटच कापायला लावला.

अर्थात, पूर्ण झालेली एकही कथा हाती नसेल, तर निवासी कार्यशाळेचे पैसे बहुधा वाया जातील. अशांनी आधी शिबिरच करावे. कथा तयार असेल, तर मे-जूनमधील कार्यशाळा पाहावी, म्हणजे दुरुस्त खर्डा दिवाळी अंकांच्या संपादकांकडे वेळेत पोचतो.