बेअरिंगवरचे वायरलेस टेंपरेचर सेन्सर : एका गळीत हंगामाचा अनुभव

बॉयलर पेटायच्या आधी आमच्या साखर कारखान्यात आयडी फॅन (बॉयलरचा धूर ओढून बाहेर टाकणारा पंखा), फायबरायझर (उसाचे तंतू करणारं यंत्र) आणि केन कॅरिअरच्या (ऊस पुढे नेणाऱ्या कन्व्हेयरच्या) ड्राइव्हवर हे सेन्सर बसवले. हंगाम उरकला, आता निवांत लिहितो.

सेन्सर रुपयाच्या नाण्याएवढा. आत थर्मिस्टर (तापमान टिपणारा भाग) आणि लिथियम सेल, खाली मॅग्नेट. दर दहा मिनिटांनी रीडिंग 865-867 मेगाहर्ट्झवरून गेटवेला (सगळी रीडिंग गोळा करणाऱ्या डब्याला) जातं; या बँडला आपल्याकडे परवाना लागत नाही. बॉयलर हाउसच्या पत्र्या-डक्टिंगमधूनही सिग्नल बरा येतो.

बसवताना प्लमर ब्लॉकचा (बेअरिंग ज्यात बसतं त्या लोखंडी घराचा) रंग खरवडून थर्मल पेस्ट लावा. रंगावर ठेवला तर आकडा कमी दाखवतो. फायबरायझरच्या थरथरीत मॅग्नेट सरकत होता, तिथे एपॉक्सीच लावावं लागलं. मिलच्या गनमेटल (तांब्याच्या मिश्रधातूच्या) बेअरिंगवर पैसे घालू नका. तिथे कूलिंगचं पाणी फिरतं, सेन्सर त्या पाण्याचंच तापमान सांगत बसतो.

खरी गंमत अलार्मची. कंपनीने 80 डिग्रीला सेट करून दिला होता. पण डिसेंबरच्या पहाटे 12 डिग्री आणि मार्चच्या दुपारी 38 डिग्री हवा असेल तर एकाच आकड्यावर काय भरवसा? आम्ही हवेच्या तापमानाशी फरक आणि त्याच फॅनच्या दुसऱ्या टोकाच्या बेअरिंगशी फरक, असे दोन अलार्म लावले. उगाचची बोंब जवळपास थांबली.

जानेवारीत रात्रपाळीला आयडी फॅनच्या ड्राइव्ह साइडचा (मोटरकडच्या बेअरिंगचा) ग्राफ अचानक चढू लागला. 58 वरून तासाभरात 76. दुसरं टोक जागच्या जागी. फिटर मामांना विचारलं तर म्हणाले, "साहेब, संध्याकाळी ग्रीस मारलंय, जरा सढळ हातानं." ग्रीसचा ड्रेन प्लग काढला, जादा ग्रीस बाहेर आलं आणि पहाटेपर्यंत आकडा 61 वर बसला. ग्रीस जास्त झालं की रोलर तेच घुसळत राहतात, त्याचीच ही उष्णता. 70 च्या पुढे दर 15 डिग्रीला ग्रीसचं आयुष्य साधारण निम्मं होतं, त्यामुळे हे वेळीच कळणं मोलाचं. मामा हाताने तपासतात ते चुकीचं नाही, पण रात्री तीनला फॅनजवळ हात लावायला कोण जातं?

मात्र तापमान हे उशिरा बोलतं. रेसवर (रोलर ज्यावरून फिरतात त्या कड्यावर) पिटिंग, म्हणजे बारीक खड्डे पडणं, सुरू झालं की आधी व्हायब्रेशन वाढतं, गरमी बऱ्याच नंतर. फायबरायझरचं एक बेअरिंग आम्ही व्हायब्रेशन मीटरवर पकडलं, तेव्हा सेन्सर शांत होता. त्यामुळे मीटर कपाटात टाकू नका.

तक्रार एकच, पण मोठी. सेल बदलता येत नाही, बॉडी सीलबंद आहे. आयडी फॅनजवळच्या गरमीत काही सेन्सरची बॅटरी हंगामातच निम्म्यावर आली. ऑफ सिझनला बदलून द्या म्हटलं, तर विक्रेत्याने नव्या सेन्सरचंच कोटेशन पाठवलं. तेवढं दर ठरवताना लेखी घ्या.