थायरॉईडची गाठ: सोनोग्राफी, स्कॅन की सीटी?

मानेला गाठ लागली की गडहिंग्लज, कागलकडची माणसं फाइल घेऊन कोल्हापुरात येतात. सरकारी सीपीआर रुग्णालय असो की राजारामपुरीतलं खासगी सेंटर, बऱ्याच जणांना वाटतं की एकदाच सीटी काढला की सगळं कळेल. तसं होत नाही. थायरॉईडमधली गाठ सीटीपेक्षा सोनोग्राफीत कितीतरी बारकाईनं दिसते, खर्च कमी येतो आणि किरणोत्सर्ग अजिबात नसतो.

गाठ घट्ट आहे की पाण्याची, कडा वेड्यावाकड्या आहेत का, आत कॅल्शियमचे बारीक कण आहेत का, आडवी आहे की उभी, यावरून १ ते ५ असा टायरॅड्स दर्जा ठरतो; आकडा जितका मोठा, तितकी कॅन्सरची शंका जास्त. २०१७ च्या अमेरिकन पद्धतीत दर्जा ५ असेल तर १ सेंमीपासून, ४ ला दीड आणि ३ ला अडीच सेंमीपासून सुईची तपासणी सुचवतात. रिपोर्टवर नुसतं ‘नोड्यूल (गाठ) आहे’ एवढंच असेल, तर महागड्या तपासणीकडे वळण्याआधी सोनोग्राफीच पुन्हा नीट करून घ्या, मानेतल्या लसिका गाठींसकट. माझा आग्रह याच गोष्टीला आहे.

थायरॉईड स्कॅन म्हणजे किंचित किरणोत्सर्गी औषध देऊन गाठ किती काम करते ते बघणं. त्याचा खरा उपयोग रक्तातलं टीएसएच (थायरॉईडला काम करायला लावणारं हार्मोन) कमी आलं असेल तेव्हा. जास्त काम करणारी ‘हॉट’ गाठ कॅन्सरची क्वचितच निघते. ‘कोल्ड’, म्हणजे काम न करणारी, असं वाचून मात्र हाय खाऊ नका, त्यातल्याही बहुतेक साध्याच असतात. टीएसएच नॉर्मल असेल तर या स्कॅननं फारसं काही हाती लागत नाही. गरोदरपणात तो करत नाहीत. बाळ अंगावर पीत असेल तर आधी सांगा.

सीटी लागतो तो गाठ छातीच्या हाडामागे उतरली असेल, श्वासनलिका दबत असेल किंवा कॅन्सर आजूबाजूला पसरल्याची शंका असेल तर. त्याच्या कॉन्ट्रास्टमध्ये (शिरेतून देतात त्या औषधात) आयोडीन असतं, त्यामुळे पुढे उपचारासाठी रेडिओआयोडीन (किरणोत्सर्गी आयोडीन) द्यायचं ठरलं तर काही आठवडे थांबावं लागू शकतं. तरी सर्जननं ऑपरेशनसाठी मागितला तर टाळू नका. एमआरआय काही वेळा सीटीऐवजी करतात. पेट स्कॅननं सुरुवात करायची गरज नाही.

कॅन्सर आहे की नाही, हे मात्र यातलं कुठलंच चित्र एकट्यानं ठरवत नाही. त्यासाठी सोनोग्राफीत बघत सुई घालून पेशी तपासतात. आवाज घोगरा झाला असेल, गिळताना अडकत असेल किंवा गाठ झपाट्यानं वाढत असेल, तर तुलना करत बसू नका, थेट डॉक्टरांना दाखवा.