गावातली आशा की आरोग्य केंद्रातले डॉक्टर?

प्राथमिक आरोग्य केंद्र सपाटीवर ३०,००० आणि आदिवासी, डोंगरी भागात २०,००० लोकांमागे एक, असा निकष आहे. आशा, म्हणजे सरकारी योजनेतली आरोग्य स्वयंसेविका, मात्र साधारण हजार लोकांमागे एक, आणि तीही त्याच गावात राहणारी.

शिक्षणात अर्थातच डॉक्टर वरचढ. बाळंतपणात रक्तस्राव सुरू झाला किंवा छातीत दुखू लागलं, तर वेळ न घालवता दवाखानाच गाठायला हवा.

पण नवजात बाळाचं काय? बाळंतीण घरात, बाळ गार पडलेलं, दूध ओढत नाही. अशा वेळी घरच्यांच्याच भाषेत बोलणाऱ्या ओळखीच्या बाईला दार लगेच उघडतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतल्या स्त्रियांना न्यूमोनिया आणि जंतुसंसर्ग ओळखायला, अगदी जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. तुलनेच्या गावांपेक्षा तिथले नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे छापलं. मला हा पुरावा फार मोलाचा वाटतो. अर्थात, नुसती जवळीक पुरली नसती. प्रशिक्षण, औषधं आणि देखरेख सोबत होती.

जवळिकीची दुसरी बाजूही आहे. एचआयव्ही, गर्भपात, घरातली मारहाण यांबद्दल शेजारच्या बाईपाशी बोलणं अनेकींना जड जातं. तिथे तालुक्याच्या अनोळखी डॉक्टरच बऱ्या वाटतात, शक्यतो स्त्री डॉक्टर.