मत टाकावं की माहिती?

अनोळखी लोकांसमोर ऑनलाइन काहीतरी लिहायची हुक्की आली आहे आणि हाताशी दोन गोष्टी आहेत: एक वादाला तोंड फोडणारं मत आणि एक आजच कळलेली भन्नाट माहिती. काय टाकावं? ‘माहिती टाका, निदान भांडण तरी होणार नाही’ असं सर्रास सांगितलं जातं. मला हा सल्ला अर्धवट वाटतो. कष्ट दोन्हीकडे आहेत, फक्त त्यांची वेळ वेगळी. माहितीचे कष्ट टाकण्याआधी घ्यायचे असतात, मताचे टाकल्यानंतर.

‘लहान मुलांना गृहपाठ देऊ नये’ हे मत घ्या. लिहायला दहा सेकंद पुरतात. पण शिक्षक ते वाचतात तेव्हा त्यांना ऐकू येतं, ‘तुम्ही वर्षानुवर्षं करताय ते फुकट.’ रोज संध्याकाळी मुलाला घेऊन बसणाऱ्या आईला वाटतं, आपल्या मेहनतीची थट्टा चालली आहे. ज्यांचा मुलांशी काही संबंध नाही असेही येतात, कारण ‘हल्लीची पिढी’ या विषयावर त्यांचं म्हणणं तयारच असतं. ओळखीच्यांत हेच वाक्य खपून जातं. तिथे तुमचा स्वभाव माहीत असतो, चेहऱ्यावरचं हसू दिसतं. इथे लोकांच्या हाती फक्त वाक्य पडतं, आणि प्रत्येक जण त्यात आपापला सूर भरतो.

त्याच मताला ‘पहिली तीन-चार वर्षं’ अशी मर्यादा घातली आणि असं का वाटतं ते एका ओळीत सांगितलं, की बरेच वार आपसूक गळतात. गंमत अशी की वाचकही गळतात. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बंदुका, समलिंगी विवाह आणि हवामानबदल या विषयांवरची पाच लाखांहून अधिक ट्विट्स तपासली होती. नीती आणि भावना या दोन्हींना हात घालणारा एकेक शब्द वाढला, की प्रसार साधारण 20 टक्क्यांनी वाढत होता. पण हा प्रसार मुख्यतः आपल्याच बाजूच्या लोकांत होत होता. म्हणजे टाळ्या हव्या असतील तर तिखट लिहा. समोरच्याचं मन वळवायचं असेल तर तिखट शब्द फारसे उपयोगाचे नाहीत. बहुतेकांना दोन्ही हवं असतं, तिथेच घोटाळा होतो.

आता माहितीकडे वळू. ‘शुक्रावरचा एक दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो.’ वाचताक्षणी कुणाला तरी सांगावंसं वाटावं अशी ही गोष्ट. शुक्राला स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करायला पृथ्वीवरचे सुमारे 243 दिवस लागतात आणि सूर्याभोवती फिरायला सुमारे 225. हिशोब बरोबर आहे. तरी पोस्ट पडली की थोड्याच वेळात कुणीतरी जाणकार येणार: दिवस म्हणजे एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतचा काळ धरलात, तर शुक्रावर तो जेमतेम 117 पृथ्वी-दिवसांचा आहे, कारण ग्रह उलट्या दिशेने फिरतो. तेही बरोबर. ‘दिवस’च्या जागी ‘स्वतःभोवतीची फेरी’ लिहिलं असतं तर हा प्रश्नच आला नसता. पण तेवढं कळायला आधी दहा-पंधरा मिनिटं वाचावं लागतं. उलट ती दुरुस्ती आली की पोस्ट मूळ माहितीपेक्षा रंगते, हेही खरं. माझ्या मते कुतूहलाची पोस्ट टाकण्यातली अर्धी मजा या उत्तरांत असते.

धोका आहे तो न तपासता टाकण्यात. 2018 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ट्विटरवरच्या 2006 ते 2017 या काळातल्या खऱ्या-खोट्या बातम्यांचा अभ्यास आला. खोटी बातमी रीट्वीट होण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा 70 टक्के जास्त निघाली, आणि खोट्या बातम्या अधिक नवलाच्याही होत्या. तेव्हा एखादं वाक्य वाचून ‘काय सांगता!’ असं तोंडून निघालं, की तेच तपासून घेण्याचं पहिलं कारण समजावं. चीनची भिंत चंद्रावरून दिसते, ही थाप याच नवलाच्या जोरावर इतकी टिकली. 2003 मध्ये अंतराळात गेलेला पहिला चिनी अंतराळवीर यांग लिवेई याला तर पृथ्वीच्या कक्षेतूनही ती दिसली नव्हती.

चुकल्यावर काय होतं, हा फरकही निवड करताना लक्षात घ्या. माहिती चुकली तर ‘दुरुस्ती’ असं लिहून खरा आकडा द्यावा; लोक सहसा विसरतात. मत बदललं तर ‘घाबरला’, ‘पलटी मारली’ असं ऐकावं लागतं, आणि जुन्या मताचा स्क्रीनशॉट कुणाच्या तरी फोनमध्ये असतोच. खऱ्या नावाने लिहिणाऱ्याने तर हे गृहीतच धरावं.

एक तिसरा प्रकार मी कुणालाच सुचवणार नाही: माहितीचा मुखवटा घातलेलं मत. एखाद्या समाजाबद्दल, पक्षाबद्दल बोचणारी नेमकी एकच घटना उचलायची, वर ‘मी फक्त माहिती दिली’ म्हणायचं. वाचकांना डाव कळतो. मग वादही होतो आणि तुमच्या पुढच्या साध्या माहितीवरही कुणी विश्वास ठेवत नाही. त्यापेक्षा ‘हे माझं मत आहे’ म्हणून उघड लिहा आणि ती घटना आधार म्हणून खाली द्या.

बाकी निवड वेळेवर ठरते. आत्ता अर्धा तास हाताशी आहे पण संध्याकाळी नाही, तर माहिती टाका, तपासून. मत टाकायचं असेल तर पुढचे काही तास उत्तरं देण्यासाठी मोकळे ठेवा. झोपायला जाताना किंवा प्रवासाला निघताना ते टाकू नका.